जाम चाक सोडवणारा 'हेल्पर' कसा?

"गंज तर काढायचा होता, त्यात कसली आलीय अक्कल?"

हे वाक्य पावसाळा संपता संपता खोपोलीजवळच्या एका गॅरेजात आम्ही आमच्या कानांनी ऐकले. बोलणारा माणूस वाईट नव्हे. तोही गरिबीतून वर आलेला, उधारीवर गॅरेज चालवणारा. पण त्या एका वाक्यात जे बसले आहे ते त्याचे एकट्याचे नाही, म्हणून हा लेख.

घडले ते असे. खालापूर तालुक्यात रस्त्याकडेच्या एका आवारात एक सहा टायरी ट्रक तीन पावसाळे उभा होता. मालकाचे हप्ते थकले, भांडण कोर्टात गेले, गाडी जागची हलली नाही. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीन वर्षांनी मिटवामिटवी झाली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली. इंजिन चार दिवसांत बोलू लागले. चाके मात्र जाग्यावरून हलेनात. ड्रम, लायनर, नट, स्टड सगळे एकजीव झालेले. गॅरेजच्या दोन पोरांनी दिवसभर घण घालून पाहिला. एका स्टडचे डोके तुटले, बाकी काही झाले नाही. मग कर्जतहून आमच्या वस्तीतल्या मामांना बोलावणे आले. मामांनी वयाची पंचावन्न ओलांडली आहे आणि त्यांच्या गाठीशी चाळीस वर्षांचे काम आहे, पण कागद एकही नाही. सकाळची खोपोली लोकल धरून ते गेले आणि दोन दिवसांत सहाही चाके आणि चारही ड्रम खाली उतरवले. दुसऱ्या दिवशी ब्रेक शूची स्प्रिंग काढताना ती सटकली आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाचे हाड मोडले.

बिलावर लिहिले होते : मेकॅनिक सहा हजार. हेल्पर दोन दिवस, चौदाशे. मेकॅनिक म्हणजे इंजिन करणारा. हेल्पर म्हणजे आमचे मामा. आणि बोटाचे काय? तर, "ते आमच्याकडे कामाला थोडेच आहेत, रोजंदारीवर बोलावले होते."

आम्ही चौघे जण बोलायला गेलो तेव्हा वरचे वाक्य ऐकायला मिळाले. ते ऐकून आम्हांला राग आला, पण मागाहून वाटले की रागाने याचे उत्तर होणार नाही. अक्कल लागते की नाही हे कामातच शोधले पाहिजे. म्हणून आम्ही मामांच्या समोर बसलो आणि दोन दिवसांत काय काय केले ते क्रमाने विचारून घेतले. त्यांना आमच्या विचारण्याचे हसू आले. वाचकांनीही कंटाळा न करता हा भाग वाचावा अशी विनंती आहे, कारण पुढचा सगळा वाद यावरच उभा आहे.

पहिली गोष्ट, चाक जाम का होते? लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. जिथे दोन भागांत केसाएवढी फट असते तिथे तो फुगून बसतो आणि पाचर ठोकल्यासारखे दोन्ही भाग आवळतो. म्हणजे बाहेरून ठोकणारा माणूस नुसत्या घाणीशी झुंजत नसतो, हजार पाचरांशी झुंजत असतो. त्यात गाडी हँडब्रेक लावून उभी असेल तर लायनर ड्रमला चिकटलेलेच राहते आणि ओल आत शिरून दोघांना जोडून टाकते. गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर चाकांना नीट ठोकळे लावून, गिअरमध्ये ठेवून ब्रेक मोकळा ठेवावा, हे मामा वीस वर्षे सगळ्यांना सांगत आले आहेत.

दुसरी गोष्ट, मामांनी पहिल्या दोन तासांत घणाला हातच लावला नाही. गॅरेजवाल्याच्या मते तेवढा वेळ ते 'नुसते फिरत होते'. ते काय करत होते? एअर ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते. टाकीत हवा असेल तर ती स्प्रिंग दाबून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. तीन वर्षे उभ्या असलेल्या गाडीत हवा कुठली? म्हणजे पोरे ज्या चाकावर दिवसभर घण घालत होती ते चाक नुसते गंजले नव्हते, त्याला आतून ब्रेक लागलेला होता. मामांनी चेंबरच्या मागच्या भोकातून लांब बोल्ट घालून, फिरवून अडकवला आणि नट आवळत स्प्रिंग मागे खेचून ठेवली. चेंबर गंजलेले असेल तर त्याचा पट्टा कधीही खोलायचा नाही, हे त्यांनी त्या पोरांना दोनदा बजावले. तो पट्टा सुटला तर आतली स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर येते. मग स्लॅक अ‍ॅडजस्टर. तो उलटा फिरवून ब्रेक शू जितके आत घेता येतील तितके घेतले. तोही गंजला होता, डिझेल सोडून अर्धा तास वाट पाहावी लागली. ही वाट पाहणेसुद्धा कामच आहे, पण बिलात त्याला ओळ नसते.

तिसरी गोष्ट नटांची. आटे तारेच्या ब्रशने साफ केले, डिझेल आणि ऑइल सोडले, रात्रभर भिजू दिले. सकाळी पाना लावला तो सोडवण्याच्या दिशेने नव्हे, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने. गंजाची पकड तुटते ती अशी. मग थोडे सोडायचे, पुन्हा थोडे आवळायचे. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर बहुधा 'एल' कोरलेला असतो. इंग्रजी न वाचता येणारे मामा ते अक्षर बोटाने चाचपून ओळखतात. ज्याला हे माहीत नाही तो पान्याला दहा फुटी पाइप लावून नट आणखी घट्ट करत बसेल आणि शेवटी स्टड तोडेल.

तीन नट तरीही हलले नाहीत. तिथे गॅस लावावा लागला. गॅस पेटवण्याआधी मामांनी टायरची हवा काढायला लावली, आणि तेवढ्यावर न थांबता आजूबाजूचे नट सोडवून होईपर्यंत डिस्क तापणार नाही अशा बेताने फक्त नटालाच आच दिली, तीही थोडी थोडी, मध्ये ओल्या फडक्याने डिस्क थंड करत. टायर चढवलेली डिस्क तापवणे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आतले रबर तापून वायू धरते आणि टायर फुटतो तेव्हा माणूस उचलून फेकला जातो. हवा काढली म्हणून धोका पूर्ण जातो असेही नाही. "शक्यतो आच द्यायचीच नाही, नट छन्नीने चिरायचा," हे मामांचे मत. पण छन्नीला वेळ लागतो आणि गॅरेजवाल्याला घाई होती.

आणि इथेच पहिला खटका उडाला. ज्या स्टडना आच लागली ते तिन्ही बदलले पाहिजेत, असे मामांचे म्हणणे. स्टडच्या पोलादाला कारखान्यात विशिष्ट उष्णता देऊन कडकपणा आणलेला असतो. पुन्हा तापवले की तो कडकपणा गेला. गॅरेजवाला म्हणाला, दिसायला चांगले आहेत, राहू दे. मामा म्हणाले, मग मी चाक चढवणार नाही. हेल्पर असे बोलत नसतो, मित्रहो. ज्याला आपल्या कामाचा परिणाम कळतो आणि त्याची जबाबदारी वाटते तोच असे बोलतो.

पुढच्या चाकांच्या डिस्क हबला चिकटल्या होत्या. तिथे सगळे नट न काढता दोन-दोन आटे ढिले ठेवले, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि दुसऱ्या गाडीने हातभर पुढे, हातभर मागे ओढवली. गाडीच्या वजनानेच गंज तुटला. घण न मारता. मागचे ड्रम मात्र दमवणारे निघाले. ट्रकच्या ड्रमवर दोन आट्यांची भोके दिलेली असतात, त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळला की ड्रम सरळ बाहेर सरकतो. ही भोके गंजाने बुजून गेली होती, टॅप फिरवून आटे पुन्हा काढावे लागले. ड्रम इंचभर आला आणि अडला. वर्षानुवर्षे घासून ड्रमला आतून खोबण पडते आणि काठाला एक कंगोरा उरतो. ब्रेक शू त्या कंगोऱ्याला अडकतात. अननुभवी माणूस इथे घण घेऊन काठावर मारतो. ड्रम बिडाचा असतो, काठावर मारला की चिरतो. चीर बारीक असली तर दिसतही नाही, आणि तोच ड्रम पुन्हा चढवला जातो. मामांनी स्लॅक आणखी मागे घेतला, दोन स्टडच्या मधोमध, समोरून, मोजून ठोके दिले, पुन्हा बोल्ट आवळले. पन्नास किलोच्या आसपासचा ड्रम शेवटी सुटला तेव्हा खाली लाकडी ठोकळे आधीच लावलेले होते. गाडीखालीही नुसता जॅक नव्हता, घोड्या लावल्या होत्या.

ड्रम उघडल्यावर आत काळी पूड. गॅरेजच्या पोराने सवयीने कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप उचलला. मामांनी त्याच्या हातावर चापट मारली आणि पाण्याने भिजवलेले फडके दिले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, आणि बाजारातल्या स्वस्त लायनरमध्ये काय आहे हे पोराला कोण सांगणार? अ‍ॅस्बेस्टॉसची पूड छातीत गेली तर तिचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. तोपर्यंत गॅरेज बंद पडलेले असते, मालक बदललेला असतो, आणि माणूस कुठे काम करत होता हे सिद्ध करायला कागदाचा कपटाही नसतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला. त्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. तो निकाल मोठ्या कारखान्यांच्या दारापर्यंत तरी गेला, रस्त्याकडेच्या गॅरेजात तो अजून पोचायचा आहे.

आता आम्ही विचारतो. वर जे लिहिले त्यात अक्कल कुठे नाही?

हे काम साधे 'दुरुस्ती'चे आहे असे समजणाऱ्यांनी एकदा बोरघाटाकडे पाहावे. आपण ज्या तालुक्यांत राहतो त्यांच्या डोक्यावर हा घाट उभा आहे. भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेक तापतात, लायनर तापले की पकड कमी होते. त्यात एका चाकाचा ब्रेक धरत नसेल तर सगळा भार उरलेल्या चाकांवर. म्हणजे या घाटातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा, त्या गाडीच्या पुढे चाललेल्या प्रत्येक दुचाकीचा आणि एस.टी.चा जीव कुणा ना कुणा 'हेल्पर'ने केलेल्या ब्रेकच्या कामावर अवलंबून आहे. रेल्वेला हे कळले आहे. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात. घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी इथे ब्रेकच्या खात्रीसाठी थांबतात. तिथे ब्रेकचे काम करणाऱ्याला फिटर म्हणतात, त्याला श्रेणी आहे, पगार आहे, निवृत्तिवेतन आहे. त्याच घाटात, काही हाकेच्या अंतरावर, डांबरी रस्त्यावर तेच काम करणारा 'हेल्पर'.

पण रेल्वेतली ती फिटरची जागा तरी आपल्याला सुखासुखी मिळाली काय? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कर्जतवरून जाणारी हीच ती जी.आय.पी. त्या परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण आज बहुतेकांना एका गोष्टीसाठी आठवते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत या मांडणीसाठी. त्याच भाषणातला दुसरा भाग कमी वाचला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आड येतो. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक नसतो, फिटर नसतो, तो हमाल म्हणून जातो आणि हमालच राहतो. हे बाबासाहेबांनी कामगारांसमोर मांडले. प्रश्न रोजगार मिळण्याचा तर होताच, पण कामातल्या पायऱ्या कुणासाठी खुल्या आणि कुणासाठी बंद, हा खरा प्रश्न होता. त्याआधी दोन वर्षे, १९३६ साली, 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी लिहिले होते की जात म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंड लावलेली.

गॅरेजच्या बिलावरची 'मेकॅनिक' आणि 'हेल्पर' ही उतरंड जातीची आहे काय? कुणी म्हणेल, ओढून-ताणून आणता. आम्ही सरसकट तसे म्हणत नाही. आमच्या पाहण्यातल्या गॅरेजांत मुसलमान मिस्त्री आहेत, उत्तर प्रदेशातून आलेली पोरे आहेत, कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची पोरे आहेत, आपली पोरे आहेत. इंजिन करणाराही कधी आपलाच असतो. पण कोणते काम 'डोक्याचे' आणि कोणते 'अंगमेहनतीचे' हे कुणी ठरवले? जे काम अधिक घाण, अधिक काळे, गाडीखाली झोपून करायचे, ते आपोआप बिनडोक समजले जाते. हाताला घाण लागली की डोके रिकामे असणार, ही समजूत कुठून आली हे या ब्लॉगच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. दसऱ्याला याच गॅरेजात पाना आणि घण धुऊन-पुसून त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. पाना पूजनीय आणि पाना धरणारा चौदाशे रुपये.

घाटातच याचा एक जुना दाखला उभा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की घाटातून मार्ग कुठून काढायचा हे गोऱ्या साहेबाला सुचेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली. कथेचा शेवट काही जण असा सांगतात की वाट दाखवल्यावर त्यालाच मारले. खरेखोटे बाजूला ठेवू. ड्रायव्हर आजही जाता-येता तिथे नाणे टाकतात. ज्याला वाट माहीत होती त्याला देव केले की मजुरीचा हिशेब द्यावा लागत नाही. रेल्वेचा घाट बांधताना, १८६१ च्या सुमारास, एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी किती मेले याची गणती कुणी नीट ठेवली नाही. इंजिनिअर बर्कलेचे नाव मात्र पुस्तकात आहे.

आता आमच्याच बाजूच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो आम्हांला जास्त टोचतो. आमचे एक शिक्षक मित्र म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला घाण कामे सोडायला सांगितली. तुम्ही ग्रीस आणि गंजाचे पोवाडे गाऊ लागलात. उद्या पोरांना शाळा सोडून गॅरेजात पाठवाल काय?"

हा प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा म्हटले, वतनाची कामे सोडा म्हटले, १९२८ साली महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणले. ती कामे का सोडायची होती? ती जन्माने लादलेली होती, नकाराचा हक्क नव्हता, मोबदला म्हणजे बलुत्याची भीक होती, आणि ती केल्याने करणारा कायमचा हलका ठरत होता. हाताला घाण लागते एवढ्यावरून बाबासाहेबांनी काम नाकारले असते तर मनमाडला त्यांनी आमच्या माणसासाठी फिटरची जागा मागितली नसती. फिटरचे हातही काळेच असतात. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती आणि कारखान्यांतला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. म्हणजे त्यांना यंत्राचे वावडे नव्हते. यंत्रापुढे आमचा माणूस फक्त हमाल म्हणून उभा असावा, याचे वावडे होते.

आणि खरे सांगायचे तर आम्ही स्वतःही कमी अपराधी नाही. गेल्या दहा वर्षांत आमच्या तालुक्यातल्या जयंतीच्या मंचावर आम्ही प्राध्यापक, वकील, अधिकारी यांचे सत्कार केले. करायलाच हवे होते. पण ज्या ट्रकवर बाबासाहेबांची प्रतिमा ठेवून मिरवणूक निघते त्या ट्रकचे ब्रेक आदल्या रात्री कोण तपासतो? मामाच. त्यांना आम्ही मंचावर कधी बोलावले नाही. "पोरगा गॅरेजात गेला म्हणजे वाया गेला" हे वाक्य आमच्या घरांतही बोलले जाते. पोराने शिकावे, खूप शिकावे, यात दुमत नाही. चौदा वर्षांखालचे पोर गॅरेजात दिसले तर तो गुन्हा आहे आणि तक्रार करायला आम्ही पहिले असू. पण जो चाळीस वर्षे हे काम करतो आहे तो शिकलेला नाही, हे कुणी ठरवले?

मुद्दा कौतुकाचा नाही, हक्काचा आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनाच्या दुरुस्तीचे आणि देखभालीचे काम करणारा माणूस स्पष्टपणे धरलेला होता. 'रोजंदारीवरचा होता' ही पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. २००९ च्या दुरुस्तीने औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायची तरतूद आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा विषय आहेच. ई.एस.आय.ला दहा माणसांची अट आहे, कारखाना कायद्याला माणसांची अट होती, म्हणून दोन-तीन माणसांचे गॅरेज त्यांतून निसटते. पण कामावर असताना झालेल्या इजेच्या भरपाईला अशी अट नाही. गाडीचा विमा असतो, गॅरेजच्या शेडचाही कधी असतो. गाडीखाली झोपणाऱ्याचा नसतो. तो काढायचा की भरपाई खिशातून द्यायची, हे मालकाने ठरवावे. द्यायचीच नाही, हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही.

दुसरे, कागद. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, मोटार व्हेइकल मेकॅनिकचा दोन वर्षांचा. मामांनी आता वर्गात जाऊन बसावे असे कुणी म्हणणार नाही. पण काम येत असलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची, म्हणजे पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. आमच्या कार्यकर्त्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात, जातपडताळणीचे अर्ज भरता येतात. हा अर्ज आम्ही आजवर एकाही मिस्त्रीचा भरलेला नाही. ही आमची चूक आहे, सरकारची नव्हे. या महिन्यात कर्जत आणि खोपोली इथल्या गॅरेजांतून फिरून आम्ही नावे घेणार आहोत. यादी आपल्या माणसांपुरती ठेवायची नाही, जो हे काम करतो त्याचे नाव घ्यायचे, हेही ठरले आहे.

त्या गॅरेजवाल्याशी पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दुसऱ्या बैठकीला तो नरमला. दवाखान्याचे पैसे देतो म्हणाला, "माणुसकी म्हणून". आम्ही म्हटले, माणुसकीबद्दल आभार, पण पावतीवर 'कामावर असताना झालेल्या इजेपोटी' असे लिहा. त्याला हे अपमानाचे वाटले. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्याने लिहिले. ज्या दिवसांत हाताने काम करता आले नाही त्या दिवसांच्या पैशांचे अजून मिटलेले नाही, ते मिटले नाही तर अर्ज तयार आहे. बिलावरचा 'हेल्पर' मात्र त्याने खोडला नाही. म्हणाला, "नाव बदलले की रेट बदलतो." त्याच्या तोंडून एवढे खरे वाक्य येईल असे आम्हांला वाटले नव्हते. तेही आम्ही लिहून घेतले आहे.

परतताना आम्ही मामांच्या घरी थांबलो. बोटाला पट्टी होती. पावती दाखवली, लेख लिहितो आहोत हेही सांगितले. त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ती गाडी निघाली काय? आम्ही म्हटले, परवा पनवेलला गेली. त्यावर मामा म्हणाले, "मग त्याला फोन करून सांगा. नवीन स्टड टाकलेत, शंभर किलोमीटर झाले की थांबून सगळे नट परत आवळायचे. मागचं डावं आधी."